अक्षांशाला काठी, रेखांशाला घड्याळ

रत्नागिरी

चि. रेवा हिस अनेक आशीर्वाद.

दुसऱ्या शतकातला ग्रीक भूगोलकार टॉलेमी, त्याच्या नकाशात भूमध्य समुद्र इतका लांबट का, असं तू विचारलं होतंस. फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहितो. शिवाय २० मार्चला तुला काही मोजमापं घ्यायला लावायची आहेत, त्याची तयारीही याच पत्रात सांगून टाकतो.

टॉलेमीच्या आकड्यांप्रमाणे त्या समुद्राची पूर्व-पश्चिम लांबी सुमारे ६२ अंश भरते. खरी ४२ च्या आसपास आहे. उत्तर-दक्षिण बाजूला मात्र एवढी मोठी गफलत कुठे दिसत नाही. नकाशा काढणारा तोच, गणितही तेच, मग एकाच दिशेला ताण का पडला? कारण उत्तर-दक्षिण ठिकाण एका काठीच्या सावलीवरून कळतं आणि ते कुणालाही, स्वतःच्या अंगणात बसून काढता येतं. पूर्व-पश्चिम ठिकाणासाठी मात्र दुसऱ्या गावी या क्षणाला किती वाजले आहेत हे माहीत असावं लागतं. दोन हजार वर्षांचा नकाशाशास्त्राचा इतिहास मला तरी या एका अडचणीभोवती फिरताना दिसतो.

आपल्या ज्योतिषाच्या सिद्धान्तग्रंथांत यासाठी वेगळं प्रकरणच असतं, त्रिप्रश्नाधिकार. दिशा, देश आणि काळ हे ते तीन प्रश्न. सूर्यसिद्धान्तात ते तिसरं प्रकरण आहे आणि त्याची सुरुवात कुठल्याही ग्रहाने होत नाही, सपाट केलेल्या जमिनीने होते. पाण्याने समतल केलेली जागा, त्यावर एक वर्तुळ, मध्ये १२ अंगुळांचा शंकू, म्हणजे उभी खुंटी. विषुवदिनी, म्हणजे दिवस-रात्र समान असतात त्या दिवशी, मध्यान्हीला या शंकूची जी सावली पडते ती पलभा. पलभेला १२ ने भाग, आलेला आकडा म्हणजे अक्षांशाचं टॅन्जंट. नागपूरचा अक्षांश २१ अंश ९ कला (अंशाचा साठावा भाग म्हणजे कला), म्हणून तुझी पलभा ४.६४ अंगुळं यायला हवी. रत्नागिरीची ३.६७.

आता तुझं काम. हॉस्टेलच्या गच्चीवर थेट फरशीवर मांडू नकोस. पाणी वाहून जावं म्हणून गच्चीला उतार दिलेला असतो. मीटरला १ सेंटिमीटर इतका उतार उत्तर-दक्षिण असला तरी सुमारे ३४ कलांची चूक येते, म्हणजे तुझं नागपूर ६० किलोमीटरहून जास्त सरकलं. सव्वा मीटर लांबीची प्लायवुडची फळी घे, लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेव, खाली पाचरी सारून दोन्ही दिशांनी गवंड्याच्या पाणसळीने समतल कर. पाणसळ उलटी फिरवून पुन्हा बघ. बुडबुडा दोन्ही वेळा मध्ये यायला हवा, नाहीतर पाणसळच खोटी आहे.

नुसती काठी उभी केलीस तर दुसरी अडचण येईल. सूर्य हा बिंदू नाही, त्याचा व्यास साधारण ३२ कला आहे. त्यामुळे काठीच्या टोकाची सावली एकदम तुटत नाही, विरत जाते. गडद भाग जिथे संपतो ती रेघ सूर्याच्या वरच्या कडेने ठरलेली असते, केंद्राने नव्हे. म्हणजे १६ कला चूक, जवळजवळ ३० किलोमीटर, आणि नेहमी एकाच बाजूला. दहा वेळा मोजून सरासरी काढलीस तरी ती जाणार नाही.

यावर उपाय काढला तो गुओ शोउजिंग या चिनी खगोलशास्त्रज्ञाने. चीनमध्ये देंगफेंगजवळ गाओचेंगला १२७६ च्या सुमारास त्याची वेधशाळा उभी राहिली. शंकू ४० चीनी फूट उंच, आणि उत्तरेला सावली मोजायला सुमारे ३१ मीटर लांबीचा दगडी पट्टा. एवढ्या उंचीवरून येणारी सावली अगदीच पुसट होणार हे उघड होतं. त्याने वर एक आडवी दांडी ठेवली आणि खाली पट्ट्यावर सरकवता येणारा बारीक छिद्राचा तांब्याचा पत्रा. छिद्रातून सूर्याची लहानशी प्रतिमा पट्ट्यावर पडते आणि त्या प्रतिमेच्या बरोबर मधून दांडीची बारीक रेघ गेली की ते सूर्यकेंद्राचं माप. त्याच्या पंचांगातलं वर्ष ३६५.२४२५ दिवसांचं आहे. युरोपात हाच आकडा १५८२ च्या ग्रेगरियन सुधारणेत आला.

याच्या शेजारी जयपूरचं सम्राट यंत्र, म्हणजे तिथलं प्रचंड छायाघड्याळ, ठेवून बघ. उंची २७ मीटर, कमानीची त्रिज्या १५ मीटरच्या वर, खुणा दोन-दोन सेकंदांच्या. पण १५ मीटरवर सूर्याच्या त्या अर्ध्या अंशाने सावलीची कड सुमारे १४ सेंटिमीटर पसरते, आणि सावली मिनिटाला साडेसहा सेंटिमीटर सरकते. म्हणजे पुसट पट्टाच दोन मिनिटांचा. यंत्र मोठं केलं की खुणा मोठ्या होतात, तशीच कडही विरळ होत जाते. सवाई जयसिंगाच्या वास्तूंबद्दल आदर ठेवूनच सांगतो, मला गुओचा तो हाताएवढा पत्रा जास्त बुद्धिमान वाटतो.

तू सोपा प्रकार कर. १० सेंटिमीटर चौरस पत्र्याला मधोमध ३ मिलिमीटरचं भोक पाड आणि तो फळीपासून बरोबर ६० सेंटिमीटर उंचीवर आडवा बसव. आधाराची काठी भोकाच्या दक्षिणेला ठेव, म्हणजे ती उजेडाच्या आड येणार नाही. भोकातून ओळंबा सोड आणि तो जिथे टेकेल तिथे बारीक खूण कर. हाच तुझा शंकूचा पाया. काठी थोडी कललेली असली तरी मग काही बिघडत नाही, उंची आणि ही खूण बरोबर असली की झालं. ६० सेंटिमीटर म्हणजे १२ अंगुळं धरली तर एक अंगुळ ५ सेंटिमीटरचं, आणि पलभा २३.२ सेंटिमीटरच्या आसपास. फळीवर जो उजेडाचा ठिपका पडेल तो साधारण ९ मिलिमीटरचा, किंचित लांबट. त्याच्या कडा नको, केंद्र टिपायचं. केंद्रात १ मिलिमीटर चुकलीस तर अक्षांश ५ कलांनी चुकेल, म्हणजे ९ किलोमीटर. एका पत्र्याच्या आणि प्लायच्या यंत्राला हे पुष्कळ झालं.

पायाच्या खुणेभोवती ४०, ४५ आणि ५० सेंटिमीटर त्रिज्येची वर्तुळं काढ. दक्षिणेचा भाग लागत नाही, उत्तरेकडचे कंस पुरेत. ठिपका सकाळी पश्चिमेकडून वर्तुळात शिरेल आणि दुपारी पूर्वेकडे बाहेर पडेल. ४५ च्या वर्तुळावर साधारण सकाळी सव्वादहाला आणि दुपारी अडीचच्या जरा आधी. दोन्ही खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा. तिन्ही वर्तुळांच्या रेषा समांतर, विषुवदिनी तर जवळजवळ एकावर एक, यायला हव्यात. नाही आल्या तर फळी हललेली आहे. हीच रीत कात्यायनाच्या शुल्बसूत्रात आहे, वेदीची दिशा ठरवायला.

होकायंत्राने दिशा घ्यायचा मोह आवर. आपला काळा पाषाण चुंबकीय असतो. जुवांव द कास्त्रू नावाचा पोर्तुगीज, जो पुढे गोव्याचा व्हाइसरॉय झाला, तो १५३८-३९ साली गोव्याहून दीवपर्यंतच्या किनाऱ्याचे तपशील टिपत गेला. वसईच्या बाजूला त्याची सुई जवळजवळच्या ठिकाणी वेगवेगळी दिशा दाखवू लागली, आणि त्याने दोष सुईला न देता खालच्या खडकांना दिला. ते बरोबर होतं. तुझ्या हॉस्टेलच्या स्लॅबमध्ये तर शिवाय लोखंडाच्या सळया आहेत.

विषुवदिनाची एक गंमत: त्या दिवशी ठिपका फळीवर सरळ रेषेत चालतो, बाकीच्या दिवशी वक्र. त्यामुळे नेमक्या मध्यान्हीला ढग आला तरी पलभा बुडत नाही. सकाळ-दुपारचे ठिपके जोडून रेषा काढ, पायापासून तिच्यावर लंब टाक, त्याची लांबी हीच पलभा. तारीख मात्र २० मार्चच धर. पंचांगातली मेषसंक्रांत १४ एप्रिलच्या सुमारास येते आणि दीड हजार वर्षांपूर्वी ती विषुवाजवळ होती, पण आज त्या दिवशी सूर्य ९ अंशांहून जास्त उत्तरेला गेलेला असतो. विषुवाच्या आसपास सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचं त्याचं उत्तर-दक्षिण अंतर, दिवसाला २४ कला सरकते. एक दिवस चुकलीस की ४४ किलोमीटर.

मी इथे तेच मोजणार आहे. दोन्हीकडच्या अक्षांशांत ४ अंश १० कला फरक यायला हवा. त्यावरून पृथ्वीचा परीघ काढायचा, प्राचीन ग्रीक विद्वान एराटोस्थेनिससारखा. त्याने इजिप्तमधल्या सायीनी आणि अलेक्झांड्रिया या शहरांतला फरक वर्तुळाचा पन्नासावा भाग, म्हणजे ७.२ अंश धरला, अंतर ५,००० स्टेडिया (ग्रीकांचं अंतराचं एकक) धरलं, आणि परीघ २,५०,००० आला. पण त्याने दोन्ही शहरं एकाच उत्तर-दक्षिण रेषेवर आहेत असं मानलं होतं आणि ती तशी नाहीत, सुमारे ३ अंशांचं अंतर आहे. आपल्या दोन गावांत तर जवळपास ६ अंशांचं. म्हणून रत्नागिरी-नागपूर सरळ अंतर, जे ७६० किलोमीटरच्या घरात भरतं, ते ४ अंश १० कलांनी भागलंस तर पृथ्वी भलतीच फुगेल. फक्त उत्तर-दक्षिण घटक घ्यायचा, तो ४६० किलोमीटरच्या आसपास आहे. आणि रस्त्याचं अंतर तर मुळीच नको.

इसवी सन ७२४ मध्ये यी शिंग या बौद्ध भिक्षूच्या योजनेखाली चीनमध्ये ही चूक टाळून काम झालं. जवळजवळ एका उत्तर-दक्षिण रेषेवरची ठिकाणं निवडली, प्रत्येक ठिकाणी आठ फुटी शंकू लावला, मधली अंतरं जमिनीवर मोजली. हजार ली (चिनी मैल म्हण) उत्तरेला गेलं की सावली एक चुन, म्हणजे एक चिनी इंच, वाढते, हा शतकानुशतकं पाठ केलेला नियम त्यांनी खोटा ठरवला आणि ध्रुवाची उंची (क्षितिजापासूनचा त्याचा कोन, जो अक्षांशाएवढाच असतो) एक अंश बदलायला ३५१ ली ८० बू (बू म्हणजे लीचा लहान भाग) लागतात असा आकडा दिला. नवव्या शतकात खलिफा अल-मामूनच्या माणसांनी आजच्या इराकमधल्या सिंजारच्या मैदानात तेच केलं: ध्रुव एक अंश वर येईपर्यंत चालत जायचं आणि अंतर मोजायचं. त्यांना ५६ पूर्णांक दोन-तृतीयांश मैल मिळाले. आकडा चांगला होता. कोलंबसने तो उचलला, पण अरबी मैलाऐवजी आखूड इटालियन मैल धरला. त्यात आशियाची लांबी टॉलेमीहूनही जास्त सांगणाऱ्या मॅरिनस या त्याच्या आधीच्या भूगोलकाराची घेतली. एका बाजूने पृथ्वी पाव हिश्श्याने लहान, दुसऱ्या बाजूने आशिया लांब. मधे अमेरिका नसती तर त्याच्या जहाजांचं काय झालं असतं ते उघड आहे. म्हणून तू मला आकडा पाठवशील तेव्हा एकक लिहायला विसरू नकोस.

अकराव्या शतकातला विद्वान अल-बिरुनी, त्याला चालत जाणंही नको होतं. नंदन्याच्या किल्ल्यावरून, जो आज पाकिस्तानात पंजाबमध्ये आहे, त्याने क्षितिज किती खाली झुकलेलं दिसतं ते मोजलं: ३४ कला. डोंगराची उंची सुमारे ६५२ हात. एवढ्यावर पृथ्वीची त्रिज्या निघते. रीत देखणी आहे, पण नाजूक. त्रिज्या झुकावाच्या वर्गावर अवलंबून असल्याने ३४ कलांत एक कला चुकली की त्रिज्या ६ टक्क्यांनी चुकते, आणि हवेतून येणारा प्रकाश वाकतो तो वेगळाच. त्याचं उत्तर चांगलं आलं त्यात थोडं नशीबही आहे असं माझं मत.

समुद्रावर सावली मोजता येत नाही, म्हणून ध्रुवाची उंची. अरबी खलाशांचं कमाल म्हणजे लाकडी आयत आणि मधोमध गाठी मारलेली दोरी. दोरी दातात धरायची, आयताची खालची कड क्षितिजाला, वरची ध्रुवाला लावायची आणि गाठ मोजायची. एकक बोटाची रुंदी, सुमारे १ अंश ३६ कला. त्या काळी ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून साडेतीन अंशांच्या आसपास दूर होता, त्यामुळे तो वर आहे की खाली हे बघून बोटं मिळवावी-वजा करावी लागत. वास्को द गामाला डुलत्या डेकवर सूर्याचा वेध साधेना, तेव्हा १४९७ च्या नोव्हेंबरात दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सेंट हेलेना उपसागरात उतरून त्याने तिकाटण्यावर लाकडी अॅस्ट्रोलेब टांगला. रेखांश कुणालाच येत नसल्यामुळे सगळ्यांची पद्धत एकच: हव्या त्या अक्षांशावर आधी जायचं, मग तो न सोडता पूर्वेला किंवा पश्चिमेला किनारा लागेपर्यंत चालत राहायचं.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे ४ मिनिटांना १ अंश. दोन गावांच्या स्थानिक वेळेतला फरक कळला की रेखांशातला फरक कळला. पण एकच क्षण दोन्हीकडे कसा ओळखायचा? चंद्रग्रहण सगळीकडे एकाच क्षणी लागतं, म्हणून सगळ्या संस्कृतींनी तेच धरलं. टॉलेमीने उदाहरण दिलंय ते इसवी सनपूर्व ३३१ चं: आर्बेलाला (आजच्या इराकमध्ये) ग्रहण पाचव्या तासाला दिसलं, कार्थेजला (आजच्या ट्युनिशियात) दुसऱ्या. फरक तीन तास, म्हणजे ४५ अंश. खरा फरक ३४ अंशांच्या जवळ आहे, सव्वादोन तासांचा. पाऊण तासाची चूक, एवढीच. पण नकाशावर तिने शेकडो किलोमीटर खाल्ले. बाकीच्या गावांना तर ग्रहणाच्या नोंदीही नव्हत्या, प्रवाशांनी सांगितलेले दिवस आणि टप्पे होते, आणि प्रवासी अंतर कमी करून सांगत नाहीत. तुझा लांबट समुद्र इथून आला.

आपल्याकडे उज्जैनची रेषा शून्य धरून प्रत्येक गावाचं देशांतर घटी-पळांत देत. ६० घटींचा दिवस, २४ मिनिटांची घटी, २४ सेकंदांचं पळ. नागपूर उज्जैनच्या पूर्वेला सुमारे ३३ पळं, रत्नागिरी पश्चिमेला सुमारे २५. गणिताने ग्रहणाची उज्जैनची वेळ काढायची, आपल्या गावी प्रत्यक्ष बघायची, वजाबाकी करायची. तत्त्व निर्दोष. गडबड साधनांत. लग्नघटिका मोजायला घंगाळात सोडतात ते घटिकापात्र हेच घड्याळ: त्याचं भोक गाळाने बुजतं, आणि गार पाणी दाट असल्याने रात्री वाटी उशिरा बुडते. शिवाय पृथ्वीच्या छायेची कड चंद्रावर धूसर असते, स्पर्श नेमका केव्हा झाला यात दोघा चांगल्या वेधकऱ्यांचं दोन-तीन मिनिटांनी जुळत नाही. आपल्या अक्षांशावर एक मिनिट म्हणजे २६ किलोमीटर.

गॅलिलिओला १६१० मध्ये गुरूचे चंद्र दिसले आणि आकाशात रोज चालणारं घड्याळ मिळालं. त्यांतला आयो पावणेदोन दिवसांत एक फेरी मारतो, त्याचं ग्रहण एकदम होतं. खगोलशास्त्रज्ञ कॅसिनीने १६६८ मध्ये या ग्रहणांची कोष्टकं केली आणि त्यांवरून फ्रान्सचा किनारा पुन्हा मोजला गेला तेव्हा पश्चिमेचा समुद्र एक अंशाहून जास्त आत आला. वेळा मात्र वर्षभरात पुढे-मागे होत राहिल्या. त्या चुकीचा माग काढताना १६७६ मध्ये रोमर या डॅनिश खगोलशास्त्रज्ञाच्या हाती लागलं की प्रकाशाला यायला वेळ लागतो. पण डुलत्या बोटीवर दुर्बिणीत गुरू धरून ठेवता येत नाही. तिथे हॅरिसन या इंग्रज कारागिराचं घड्याळच कामाला आलं. १७६१-६२ च्या जमैका सफरीत त्याचं चौथं यंत्र ८१ दिवसांत ५ सेकंद मागे पडलं, रोजची ठरलेली चाल हिशेबात घेऊन. हे शेवटचे शब्द महत्त्वाचे आहेत. जहाजावरचं घड्याळ बरोबर असावं लागत नाही, ते रोज तेवढंच चुकायला हवं.

तुझ्या खिशातला फोन हे तुझं दुसऱ्या गावचं घड्याळ, भारतीय प्रमाणवेळेच्या ८२ अंश ३० कलांच्या रेषेचं. स्थानिक मध्यान्ह टिपायला सावली सर्वांत आखूड केव्हा ते बघू नकोस. मध्यान्हीच्या आधी-नंतर पाच मिनिटांत तिची लांबी अर्धा मिलिमीटरही बदलत नाही. वर्तुळाच्या खुणा वापर. ठिपक्याचं केंद्र वर्तुळावर आलं त्या दोन वेळा सेकंदासह लिही आणि सरासरी काढ. नागपूरला ती १२ वाजून २१ मिनिटांच्या आसपास यावी. मार्चच्या त्या दिवशी सूर्य साडेसात मिनिटं उशिरा असतो, ती वजा कर. बाराच्या वर जेवढी मिनिटं उरतील त्यांना ४ ने भाग, ते अंश ८२.५ मधून वजा कर. साधारण १३ मिनिटं ४० सेकंद उरले तर ७९ अंश ५ कला. सूर्य दिवसभरात उत्तरेला सरकत असल्याने या सरासरीत पाच-सहा सेकंदांची चूक राहते. भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणीत दिशेसाठी याची दुरुस्ती दिली आहे, पण आपल्या यंत्राला ती दिसणार नाही.

ओळंब्यावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नकोस, हे जाता जाता. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात कल्याणपूर आणि कलियाना या दोन ठाण्यांच्या अक्षांशांतला फरक ताऱ्यांवरून एक आला आणि जमिनीवर मोजून दुसरा. तफावत सव्वापाच विकलांची (कलेचा साठावा भाग म्हणजे विकला), सुमारे १६० मीटर. हिमालय ओळंबा स्वतःकडे ओढतो म्हणून प्रॅट या इंग्रज गणितज्ञाने १८५५ मध्ये हिशेब मांडला तर ओढ जवळजवळ १६ विकलांची निघाली, दिसलेल्याच्या तिप्पट. डोंगराखाली हलका खडक खोलवर गेलेला असावा, हा विचार तिथून सुरू झाला.

१९ तारखेला फळी मांडून एक रंगीत तालीम कर. पाचरी रात्रीत दबतात. वहीत पायापासूनचं प्रत्येक ठिपक्याचं अंतर, वेळ, ढग होते का, आणि पाणसळ केव्हा पुन्हा तपासलीस ते लिही. मोजलेले आकडे जसेच्या तसे पाठव, पूर्णांकात गोल करू नकोस, आणि मी इथली मापं पाठवेपर्यंत उत्तर काढत बसू नकोस. आईने विचारलंय, डबा वेळेवर येतो ना.

तुझे
बाबा